बुडालेल्या चिंचहाळीतला धूर

१

रुद्रम्मा नाहीशी होऊन तीन दिवस झाले होते. चौथ्या दिवशी सकाळी शेळ्या राखणाऱ्या कस्तुराबाईला तलावाच्या काठावर तिच्या चपला सापडल्या, आणि त्याच दुपारी बाराच्या सुमाराला बुडालेल्या गावातून धूर निघाला.

बुडालेलं गाव म्हणजे जुनी चिंचहाळी. बहात्तरच्या दुष्काळात तलावाचं काम निघालं, पंच्याहत्तरला पाणी अडलं आणि आम्ही सगळे वर माळावर नव्या चिंचहाळीत राहायला आलो. जित्या माणसांना नोटिसा आल्या, मोबदले मिळाले. मेलेल्यांना कोण नोटीस देणार? आमच्याकडं लिंगायत समाज मोठा, त्यांच्यात माणूस पुरतात. जुन्या गावाचं दफनस्थळ जसंच्या तसं पाण्याखाली गेलं. बारा वर्षं त्यावरून मासे फिरले.

मग सत्याऐंशीचा उन्हाळा आला. पाऊस न झाल्याचं ते तिसरं वर्ष. तलाव आटत आटत तळाला गेला आणि आधी देवळाचा माथा, मग वेशीची कमान, मग छप्पर नसलेल्या भिंती अशी जुनी चिंचहाळी एकेक करून वर आली. चिखलाच्या रंगाची, दारं-खिडक्यांची भोकं उघडी टाकून बसलेली. तिकडं कुणी जात नव्हतं. मधल्या गाळात बसप्पाचा एक बैल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शिंगांपर्यंत रुतला होता.

मी उत्तरेश्वर, गावचा पोस्टमास्तर. खेड्यातला पोस्टमास्तर म्हणजे अर्धा वकील. लोक पत्र वाचून घ्यायला येतात आणि जाताना कायदा विचारून जातात. मीही सांगतो. सांगायला मला आवडतं, हे कबूल केलेलं बरं.

कस्तुराबाई धापा टाकत माझ्याकडंच आली. "मास्तर, रुद्रम्माच्या चपला! बाभळीखाली, जोडून ठेवल्यात. वर धोंडा ठेवलाय."

"धोंडा कशाला?"

"मला काय म्हाईत? चला तुमी."

आम्ही दहाबारा जण काठावर गेलो. चपला होत्या. त्यांच्यापुढं भेगा पडलेला गाळ, आणि गाळापलीकडं अर्ध्या कोसावर ते गाव. कुणीतरी माझा दंड घट्ट धरला. जुन्या गावाच्या मधोमध एक काळा, दाट धूर सरळ वर चढत होता. वारा पडलेला होता. बघता बघता धूर देवळाच्या माथ्याहून उंच गेला.

"सैपाक करायलेत," कस्तुराबाई पुटपुटली. "खालची मानसं सैपाक करायलेत. रुद्रम्माला जेवाया बोलावली."

मी तिला गप्प राहायला सांगितलं, पण माझ्याही अंगावर काटा आला होता.

२

दुसऱ्या दिवसापासून गावाला वळणच पडलं. बारा वाजत आले की माणसं पोरांना आत ओढायची आणि दारं लावून घ्यायची. धूर रोज निघायचा, ठरल्या वेळेला. पोलीस जमादार येऊन लांबूनच बघून गेले. त्यांना धुरापेक्षा भांडणाची गोष्ट सोयीची वाटली.

भांडण असं. रुद्रम्मा थोरली आणि इरम्मा धाकटी, या सख्ख्या बहिणी, दोघी विधवा, दोघींना मूलबाळ नाही. म्हातारपणी एकाच खोलीत राहायच्या, घरात आपसात कानडी बोलायच्या. रुद्रम्माच्या नवऱ्याची जमीन तलावात गेली होती. कोर्टात बारा वर्षं लोळून तिचा वाढीव मोबदला यंदा मंजूर झाला, एकदम अकरा हजार रुपये. इरम्माला जमीन नाही, काही नाही. तिला सरकारच्या निराधार योजनेतून महिन्याला साठ रुपये मनिऑर्डरनं यायचे. गावात त्याला निराधार पगार म्हणत. मोबदला आल्यावर दोनएक महिन्यांत दोघींचं भर रस्त्यात भांडण झालं आणि त्याच संध्याकाळपासून रुद्रम्मा कुणाला दिसली नाही. जमादारांनी हिशेब लावला की इरम्मानंच बहिणीला गाळात ढकललं. गुरुवारी चार वाजता येतो आणि बाईला घेऊन जातो, असं ते सांगून गेले.

बुधवारी सकाळी लिंबाजी सोनकांबळे आले. ते महसूल खात्याचे सर्कल अधिकारी, उन्हाळ्यात निराधारांच्या यादीची तपासणी करायला दरवर्षी येत. पन्नाशीचा काटकुळा माणूस, डोक्यावर ओला टॉवेल. कुणाच्याही घरी गेले की आधी ओट्यावर बसत आणि बोलावलं तरच आत जात. ही सवय त्यांना कशी लागली ते मी कधी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, खून शोधणं माझं काम न्हाई. पर यादीतली बाई उद्या जेलात जाणार असंल, तर तिला आज बघाया पाहिजे."

इरम्मा चुलीपुढं बसली होती. वाळून काटकी झालेली, गुडघे धरलेले. सर्कल दिसताच ती भिंतीला धरून उभी राहिली.

"बाई, तुमची बहीण कुठं हाय?" लिंबाजींनी विचारलं.

"ती माझ्या घरात ऱ्हात न्हाय, साहेब. तिची चूल येगळी, माझी चूल येगळी. ती माझं खात न्हाय, म्या तिचं खात न्हाय."

"ते झालं. पर गेली कुठं?"

"ती माझ्या घरात ऱ्हात न्हाय, साहेब. तिची चूल येगळी, माझी चूल येगळी."

तोच सूर, तेच शब्द. तिच्या तोंडून दुसरंच कुणी बोलतंय असं मला वाटलं. लिंबाजी ओट्यावरून उठले. मग त्यांनी आत यायची परवानगी मागितली, आणि ती मिळाल्यावर खोलीभर नुसते बघत फिरले.

"भाकरी खापरावर भाजायलाव?"

"तवा तिनं नेला."

ज्वारीच्या पिठाचं गाडगं अर्धं होतं. डाळीच्या गाडग्यात डाळ अर्धी. मिठाचा खडा, तिखटाची पुडी, सगळं अर्धं. वाकळ एकच.

"हे कुणी वाटलं?"

इरम्मा चुलीतली राख सारखी करत राहिली. बाहेर गल्लीत धडाधड दारं लागायला लागली, तेव्हा बारा वाजत आल्याचं कळलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. लिंबाजी मात्र ओट्यावर जाऊन बसले.

इरम्मा दारात आली. कपाळावर हात धरून तिनं तलावाकडं बघितलं. पलीकडं धूर वर चढत होता. तो चांगला उंच जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग आत गेली, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सकाळपासून तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

सगळं गाव दारं लावून बसलं होतं, आणि त्या धुराकडं बघून ती बाई हसली होती.

३

"ती मेली, तिला भूक लागली, आन् हिला आनंद झाला," गुरुलिंग म्हणाला. "आणखीन काय पाहिजे तुमाला, सर्कलसाहेब?"

गुरुलिंग सोसायटीचा सेक्रेटरी. इस्त्रीचे कपडे घालणारा गावात तो एकटाच. त्यानं लिंबाजींना सोसायटीच्या पंख्याखाली बसवलं होतं.

"भांडण तुमी ऐकलं?"

"अख्ख्या गावानं ऐकलं. इरम्मा म्हनली, निघ माझ्या घरातनं, तुझा पैसा तुला लखलाभ. रुद्रम्मा म्हनली, आजपासनं तुझं पाणीबी पिणार न्हाय. शब्दन् शब्द सांगतो."

"कोणत्या भाषेत?"

"मराठीत की. समजलं म्हनून तर सांगायलोय."

लिंबाजींनी मान हलवली आणि पिशवीतून एक कागद काढला. "हा निनावी अर्ज कचेरीत आला होता. इरम्माच्या घरात अकरा हजार आलेत, तिचा निराधार पगार बंद करा, असं लिहिलंय. अक्षर डाव्या हातानं काढलंय. कागद मात्र सोसायटीच्या खतावणीचा हाय, कडंला लाल रेघ हाय बघा."

गुरुलिंगचा चेहरा उतरला. थोडे आढेवेढे घेऊन त्यानं कबूल केलं. रुद्रम्मानं आपली रक्कम सोसायटीत ठेव म्हणून ठेवावी, म्हणून तो चार वेळा तिच्या घरी गेला होता. तिनं ती पोस्टात ठेवली. त्याच्या मनाला ते लागलं. "अर्ज केला, व्हय. पर बाईच्या केसालाबी हात लावला न्हाय. शप्पत."

म्हणजे माणूस कोत्या मनाचा, पण खुनी नाही. निदान लिंबाजींना तसं वाटलं. ते मला म्हणाले, "खात्यात पैसे किती हायत?"

मी खतावणी उघडून दाखवली. अकरा हजार. एक पैसाही काढलेला नव्हता. रुद्रम्माचं पासबुकही तिनं माझ्याकडंच सांभाळायला दिलेलं होतं.

"मग पैशासाठी मारलं कुणी, आन् पैसे न घेता बसला कोण?" ते स्वतःशीच बोलले.

राहिला बसप्पा, रुद्रम्माच्या दिराचा मुलगा. बैल गाळात गेल्यापासून त्याची शेती बसली होती, आणि बैलाच्या पैशासाठी तो काकूच्या मागं लागला होता हे गावाला माहीत होतं. तो गोठ्यात रिकाम्या दावणीशी बसलेला सापडला. चारपाच दिवस झोप नसल्यासारखे त्याचे डोळे लाल झाले होते.

"मागितले पैसे. वरडलोबी काकूवर. पर मारीन कसा? ल्हानपणी तिच्याच हातचं खाल्लंय म्या."

"तुमी तिला शोधलं?"

बसप्पा घुटमळला. "काठावर गेलो होतो, चपला घावल्या त्या दिशी, समदे गेल्यावर. गाळावर पावलं हायत, साहेब. अनवाणी, बाईची. वाळून टणक झाल्यात."

"मग?"

"जायाची पावलं हायत." त्यानं तलावाकडं हात केला. "यायाची न्हायत. आन् पावलं रुतली न्हायत कुठं. माझा बैल गिळला त्या गाळावरनं ती चालत गेली. मानूस असं जात न्हाय, साहेब. ज्याला खालची बोलावतात तेच जातं."

त्या रात्री लिंबाजी माझ्याकडंच मुक्कामाला होते. हात धुताना एवढंच म्हणाले, "मास्तर, घरात कानडी बोलणाऱ्या बायका भांडताना मराठी का बोलतील?"

मी म्हटलं, "सवय असेल." आणि ताटं उचलायच्या निमित्तानं मी आत निघून गेलो. त्यामागचं कारण पुढं सांगतो.

४

गुरुवारी सकाळपासून लिंबाजी इरम्माच्या ओट्यावर बसून होते. यादी पुढं होती, पण ते लिहीत नव्हते. ते बाराची वाट बघत होते.

दारं लागली. गल्ली सुनसान झाली. इरम्मानं खापरावर भाकरी टाकली आणि ती दारात आली.

धूर नव्हता.

पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंधरा गेली. जुन्या गावावर नुसतं ऊन हलत होतं. एकेक दार किलकिलं झालं. कुणीतरी ओरडलं, "सुटलो! आज न्हाय निघाला!" बघता बघता गल्ली माणसांनी भरली. बायका पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, कुणी मारुतीपुढं नारळ फोडायला धावलं. आठ दिवसांचं भूत उतरलं होतं.

मलाही हलकं वाटलं. मग करपल्याचा वास आला. आत खापरावर इरम्माची भाकरी जळत होती आणि ती वळूनसुद्धा बघत नव्हती.

"साहेब," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "तुमचं लिवून झालं असंल तर जावा. बिगीनं जावा, साहेब. लई ऊन हाय. जावा तुमी."

लिंबाजी उठले. मी त्यांना इतक्या झटक्यानं उठताना कधी बघितलं नव्हतं. "मास्तर, पाण्याची कळशी घ्या. बसप्पा, दोर आन् बाज घेऊन ये, दोन गडी घे. पळा!"

"अहो, पण धूर तर थांबलाय," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी. धूर निघत होता तवर बाई जिती होती!"

५

बसप्पा आणि गडी बाज आणायला गेले. काठावर आम्ही चपला काढल्या. लिंबाजी वाळलेल्या पावलांवर नेमका पाय ठेवत निघाले आणि मी त्यांच्या मागं. दोन्ही बाजूंना गाळ काळा, ओलसर दिसत होता. पायाखाली मात्र टणक लागत होतं.

"गाळाखाली जुनी फरसबंदी वाट हाय ही, बारा वर्षांत तुमी विसरलाव," ते चालता चालताच म्हणाले. "गावच्या बाईला डोळे मिटून माहीत असणार. मरायला निघालेली बाई चपलांवर धोंडा ठेवती का? कुत्र्यानं नेऊ नये म्हणून ठेवला. तिला परत यायचं होतं."

"मग आली का नाही?"

"चोर आला तर सगळं नेतो. रुसून गेलेली बाई काहीच नेत न्हाई. मापट्यानं मोजून निम्मं कोण नेतं? भाऊ येगळे निघतात तेव्हा. ही वाटणी होती, मास्तर. आन् भांडण मराठीत केलं, कारण ते एकमेकींसाठी नव्हतंच. गावानं ऐकावं, गावानं साक्ष द्यावी. इरम्मा मला पाठ केलेलं बोलत होती. मी बहिणीबद्दल विचारत होतो, ती तपासणीला उत्तर देत होती."

मी कळशी या हातातून त्या हातात घेतली.

"त्यांना कुणीतरी सांगितलं असणार," लिंबाजी म्हणाले, "की एका चुलीवर जेवलात तर थोरलीची रक्कम धाकटीच्या मिळकतीत धरतील आन् पगार जाईल. गावात दुसरी खोली कुठली मिळणार? म्हणून थोरली आपल्या जुन्या घरात गेली. असा येडपट कायदा न्हाईच! बहिणीची रक्कम मोजतच न्हाईत. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं. अकरातले निम्मे इरम्माच्या नावावर केले असते, तर ती तिची मिळकत झाली असती, पगारही गेला असता. पर चुलीचा त्यात शब्द न्हाई. त्यांना कुणी सांगितलं हे?"

"गावात बोलणारे पुष्कळ," मी म्हणालो.

वेशीच्या कमानीखालून आम्ही आत शिरलो आणि आमची बोलणी आपोआप थांबली. भिंतींवर शंख चिकटलेले होते. एका कोनाड्यात माशाचा सांगाडा आडवा पडला होता. उजव्या हाताला दफनस्थळाचे दगड ओळीनं उघडे पडले होते, त्यातले काही कलंडलेले. आमच्या पावलांचा आवाज समोरच्या रिकाम्या घरातून परत येत होता, त्यामुळं पुढं कुणीतरी चालतंय असं सारखं वाटायचं. मी दोनदा थांबलो. तो आवाजही थांबला.

मग एक अंगण दिसलं. झाडून स्वच्छ केलेलं. उंबऱ्यावर चिखलानं सारवलेलं आणि त्यावर वाळूची रांगोळी.

आत छप्पर नव्हतं. तीन दगडांची चूल, तवा, काठवट. शेजारी ओल्या बाभळीच्या फांद्या रचलेल्या. भिंतीच्या वीतभर सावलीत रुद्रम्मा पडलेली होती, डोळे उघडे, ओठांवर माती. मला ती मेल्यासारखीच दिसली.

लिंबाजींनी तिच्या तोंडात पाणी सोडलं. दोन घोट बाहेर आले, तिसरा आत गेला. तिनं डोळे फिरवून त्यांच्याकडं बघितलं.

"आलाव, साहेब," ती म्हणाली. आवाज फार खोलातून येत होता. "लई वाट बगितली. ही बगा माझी चूल. येगळी हाय. लिवून घ्या."

"लिहितो, माय. बोलू नका."

"दाणे सरले पाच दिस झाले. पर चूल रोज पेटवली. आदी वाळकं जाळलं, मग वली फाटी घातली, धूर वर जावा म्हनून. तुमाला तिकडनं दिसाया पाहिजे ना. आज उठाया आलं न्हाय." तिनं हात जोडायचा प्रयत्न केला. "एका दिसाची चूक धरू नगा, साहेब. तंगीचा पगार बंद करू नगा."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. लिंबाजींनी टॉवेल डोळ्यांवर ओढला. गेले पाच दिवस आम्ही दारं लावून ज्या धुराला भीत होतो, त्याच्याखाली शिजत काहीच नव्हतं.

मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिचा चेहरा उजळला.

"मास्तर! तुमी सांगितल्यावानीच केलं बगा."

६

सांगितलं होतं ते मीच.

फाल्गुनात ती पोस्टाच्या खिडकीशी आली होती. निम्मे पैसे तंगीच्या नावावर करा म्हणाली. मी म्हटलं, तसं केलंस तर तिचा पगार जाईल. इथवर बरोबर होतं, इथं मी थांबायला हवं होतं. पण ऐकणारा माणूस समोर असला की मला थांबता येत नाही. चष्मा पुसून मी पुढं म्हणालो, "आणि एका चुलीवर जेवताय तोवर दोघींची मिळकत एकच धरतात. मे महिन्यात सर्कल तपासायला येतो." रेशनकार्ड चुलीवर देतात, तेव्हा हेही तसंच असणार, एवढाच माझा आधार. नियमाचा कागद मी कधी बघितला नव्हता.

आणि मला कळलंच नव्हतं असंही नाही. त्या रात्री लिंबाजींनी मराठीतल्या भांडणाचं विचारलं, तेव्हाच मला माझं फाल्गुनातलं बोलणं आठवलं होतं. तरी मी गप्प राहिलो. बोललो असतो तर रात्रीच माणसं दिवट्या घेऊन गेली असती. माझी अक्कल चारचौघांत निघेल, या भीतीनं मी एका बाईला आणखी एक दिवस उन्हात टाकलं.

बसप्पानं आणि गड्यांनी तिला बाजेवर घातलं. बसप्पा सगळी वाट रडत होता, "काकू, काकू" करत. नव्या गावात शिरलो तेव्हा सगळी गल्ली उभी होती, पण कुणी पुढं आलं नाही. बाजेवरची बाई जिवंत आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

इरम्मा ओट्यावरून उतरून धावली. गुडघे दुखत असून धावली. बाजेपासून दोन हातांवर आली आणि लिंबाजींना बघून खिळल्यासारखी थांबली. तिचे दोन्ही हात पुढं आलेले होते, ते तिनं पाठीमागं घेतले.

"हिला इकडं कशाला आणलं?" ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "दवाखान्यात न्या. नायतर बसप्पाकडं न्या. माझ्या घरात नगा आणू, साहेब. मी हिला पाणीबी पाजणार न्हाय."

बाजेवरून रुद्रम्मानं मान हलवली, बरोबर बोललीस म्हणून.

लिंबाजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलेलं होतं, आणि सांगायचं काम ते माझ्यावर सोडत होते.

"इरम्मा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू येईना, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणालो, "इरम्मा, असा नियम न्हाई. बहिणीच्या पैशानं तुझा पगार बंद होत नव्हता. एका ताटात जेवला असता तरी झाला नसता. मी चुकीचं सांगितलं. मला ठाऊक नव्हतं, तरी सांगितलं."

इरम्मानं लिंबाजींकडं बघितलं. त्यांनी होकार दिला.

ती माझ्यासमोर आली आणि तिनं मला फाडकन थोबाडीत मारली. म्हातारीच्या हातात ताकद ती किती असणार, पण चष्मा लांब जाऊन पडला. तो कुणी उचलून दिला नाही, मीही मागितला नाही. मग तिनं बाजेवर वाकून बहिणीच्या गालाला गाल लावला आणि कानडीत बोलायला लागली. किती तरी वेळ बोलत होती. माझ्या कानावर पडलेली तिची ती पहिली कानडी.

जमादार चारला आले. त्यांना अटक करायला कुणी नव्हतं. त्यांच्याच जीपमधून दोघी बहिणींना मुरुमच्या दवाखान्यात पाठवलं. इरम्मा जाताना कुलूप लावायचं विसरली, ते कस्तुराबाईनं लावलं.

लिंबाजी ओट्यावर बसून अहवाल लिहीत होते. मी खाली उभा होतो. इरम्माचं अनुदान चालू ठेवावं, रुद्रम्माची रक्कम तिच्या मिळकतीत धरू नये, असं त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मग लेखणी थांबवली.

"पुढं लिहावं लागंल, लाभार्थीच्या बहिणीस चुकीची माहिती मिळाल्यानं तिच्या जिवाला धोका झाला. कुणाकडून मिळाली ते लिहिलं न्हाई तरी चालतं. गावातून, असं लिहिता येतं." ते कागदाकडंच बघत होते. "तुमची नोकरी हाय, मास्तर. काय लिहू?"

समोर तलाव दिसत होता. पोस्टाची पिशवी अजून माझ्या खांद्यालाच होती.

"नाव लिहा," मी म्हणालो.

त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं आणि ते त्यांनी लिहिलं.